वाळवीचा मुकादम

उद्योगाची स्तुति करावयाची झाली म्हणजे मुंगीचा दाखला द्यावयाचा, अशी वहिवाट आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. वाळवीच्या वांट्यास हा मान कधीं आला नाहीं. वास्तविक चिकाटी, ऐक्य आणि अविश्रांत श्रम यांत ती मुंगीस हार जाणारी नव्हे. परंतु मुंगी आपली चिमूटभर साखर नेते आणि वाळवी आपलें घर खाते, एवढ्या फरकामुळें एकीस पाठ्यपुस्तकांत जागा मिळाली व दुसरीच्या नांवानें आपण डांबर उकळीत बसलों. गुण हा गुण म्हणूनच मोलाचा, कीं तो कोणाच्या कामीं येतो यावर त्याचें मोल ठरावें, हा प्रश्न या वांटणींत दडलेला आहे. गेल्या वैशाखांत घडलेल्या एका घरगुती प्रसंगानें तो आमच्यापुढें अशा रीतीनें आणून उभा केला कीं, त्याचा विचार केल्यावांचून आमची सुटका राहिली नाहीं.

कोंकणांत आमचें एक वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलें, पुढें ओटी, मागें पडवी, असें तें साधें घर. त्याचे हक्कदार आम्ही तिघे भाऊ. त्यांत आम्ही सर्वांत धाकटे. चाकरीच्या निमित्तानें एक मुंबईस, एक पुण्यास व एक बडोद्यास, असे तिघेहि बाहेर. घराची किल्ली शेजारीं राहणारे आमचे चुलत बंधु अण्णा सांभाळतात. माजघराच्या भिंतींत फणसाच्या फळ्यांचें एक कपाट होतें. त्यांत आजोबांच्या रोजकीर्दी, जुनीं पंचांगें आणि वडिलांची एक वही असे. आमची आजी जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणे, त्या वडिलांनीं तरुणपणीं तिच्या तोंडून ऐकून या वहींत उतरून घेतल्या होत्या. त्या वहीची दुसरी प्रत नव्हती.

तीन वर्षांपूर्वीं अण्णांनीं कळविलें कीं, माजघरांत कपाटाखालीं मातीची एक रेघ वर चढलेली दिसते, तरी कोणी येऊन पाहून जावें. थोरल्या बंधूंस वाटलें, पुणें जवळ आहे, तेव्हां मधला जाईल. मधल्यास वाटलें, घराचे कागद थोरल्यांच्या नांवावर आहेत, तेव्हां तेच पाहतील. आम्हीं मनाशीं म्हटलें, दोन वडील बंधु असतां धाकट्यानें पुढें कां व्हावें? दुसऱ्या वर्षीं अण्णांनीं पुन्हां कळविलें. तिसऱ्या वर्षीं कळविलें नाहीं. यंदा सुटींत आम्ही गेलों आणि कपाटाचें दार उघडलें, तेव्हां रोजकीर्दींचे पुठ्ठे ओळीनें जसेच्या तसे उभे होते. पहिल्या पुठ्ठ्यास बोट लावलें, तों तें आंत गेलें. मागें कागद नव्हता. ओलसर माती होती. वडिलांच्या वहीचीं वरचीं पांचसहा पानें तेवढीं हातीं लागलीं. अण्णा मागें उभे होते. "तुम्ही तरी फळी काढून पाहावयाची होती," असें आम्ही बोलून गेलों. ते म्हणाले, "घर तुमचें, कपाट तुमचें. मी परक्यानें त्यास कसा हात लावावा?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्या रात्रीं झोंप येईना. रागाच्या भरांत आम्हीं काठीच्या टोंकानें त्या नळीचा चार बोटें लांबीचा तुकडा पाडला आणि विजेरीचा मंद उजेड धरून समोर बसलों. प्रथम आंतील कामकरी दिसेनासे झाले. मग त्या भगदाडाशीं पिंगट डोक्यांचे कांहीं शिपाई येऊन बाहेर तोंडें करून उभे राहिले. थोड्या वेळानें त्यांच्या मागून एक कामकरी आला. त्याच्या तोंडांत ओल्या मातीचा एक कण होता. तो त्यानें फुटलेल्या कडेवर ठेविला, दाबला आणि तो परत गेला. मग दुसरा आला, मग तिसरा. घाई नाहीं, गोंधळ नाहीं, कोणी कोणाची वाट पाहत नाहीं. सकाळीं उठून पाहतों, तों भगदाड बुजलेलें. जुन्या फिकट नळीवर गर्द ओल्या मातीचा चार बोटांचा पट्टा तेवढा ओळखूं येत होता. आम्हीं तो पुन्हां पाडला; दुसऱ्या सकाळीं तो पुन्हां जागेवर होता. जें काम तीन भावांकडून तीन वर्षांत झालें नाहीं, तें या आंधळ्या जीवांनीं एका रात्रींत केलें होतें. आणि तेंहि आमच्याच भिंतीवर!

हे जीव असें करितात तरी कशासाठीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. वाळवीस इंग्रज लोक 'पांढरी मुंगी' म्हणत आले. परंतु मुंगीशीं तिचें नातें नाहीं, शास्त्रज्ञ आतां तिची गणना झुरळांच्या कुळांत करितात. कामकरी वाळवीस बहुधा डोळे नसतात. तिची कातडी इतकी पातळ व मऊ असते कीं, कोरड्या उघड्या हवेंत अंगांतील ओलावा झपाट्यानें उडून जाऊन ती थोड्याच वेळांत मरते. शिवाय मुंग्या तिच्या हाडवैरी. तिचें घर जमिनींत, ओलाव्यापाशीं. आणि अन्न दूर, फळींत किंवा तुळईंत. या दोहोंमधील कोरडा पल्ला ओलांडावयाचा म्हणून ती जमिनीचा काळोख आणि ओलावा बरोबर घेऊन निघते. मातीची नळी ती हीच.

मातीचे कण, लांकडाचा भुगा, लाळ आणि विष्ठा, एवढेंच या बांधकामाचें साहित्य. प्रत्येक कामकरी एकेक कण आणून कडेवर बसवितो. दोन्ही बाजूंच्या कडा वाढत वाढत वर एकमेकींस मिळतात आणि कमान पुरी होते. सर्व नळ्या एका प्रकारच्या नसतात. अन्नाच्या शोधासाठीं काढलेल्या नळ्या बारीक व ठिसूळ असतात. त्यांतील कित्येक कोठेंहि न पोंचतां सोडून दिल्या जातात. अन्न लागलें म्हणजे तीच वाट रुंद व भक्कम होते आणि तिच्यांतून हजारों जीवांची ये-जा सुरू होते. कांहीं नळ्या वरच्या लांकडापासून खालीं जमिनीकडे लोंबत उतरतात. राबती नळी सतत निगेंत असते; सोडून दिलेली नळी वाळते आणि भुगा होऊन गळते. म्हणूनच वाळवीचा बंदोबस्त करणारे लोक नळीचा एक तुकडा फोडून ठेवितात व कांहीं दिवसांनीं येऊन पाहतात. ती जागा बुजलेली आढळली तर वाळवी आंत नांदत आहे. तशीच उघडी असली तर बहुधा ती ही वाट सोडून गेली आहे.

हें काम चालवितो कोण? माणसाच्या मनांत हा प्रश्न सर्वांत आधीं उठतो; कारण मुकादमावांचून काम चालतें, यावर आपला विश्वासच बसत नाहीं. हेन्री स्मीदमन नांवाच्या इंग्रज प्रवाशानें पश्चिम आफ्रिकेंत वारुळें फोडून पाहिलीं आणि १७८१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत त्यांचें सविस्तर वर्णन छापविलें. भगदाड पडतांच शिपाई धांवून येतात, मग मजूर तोंडांत चिखल घेऊन येतात, आणि हजारोंची गर्दी असूनहि कोणी कोणास अडवीत नाहीं, हें त्यानें बारकाईनें टिपलें. परंतु मजुरांमध्यें उभा राहून डोकें आपटणारा एखादा शिपाई दिसतांच त्यास तो देखरेख करणारा अधिकारी वाटला. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील कवि व निसर्गाभ्यासक यूजीन मॅरे यानें वारूळ हाच एक प्राणी मानिला व राणी हा त्याचा मेंदू ठरविला. त्याचें आफ्रिकान्स भाषेंतील पुस्तक १९३४ सालीं निघालें. एकास मुकादम दिसला, दुसऱ्यास आत्मा दिसला. हुकूम देणारें कोणी तरी असलेंच पाहिजे, हें दोघांनींहि धरून चालविलें होतें.

१९५९ सालीं प्येर-पोल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें या प्रश्नाचें तोंडच फिरविलें. आफ्रिकेंतील वाळवीचें बांधकाम निरखतां त्यास आढळलें कीं, कामकरी प्रथम मातीचे कण जेथें तेथें टाकितात. योगायोगानें एखाद्या जागीं चार कण अधिक जमले, कीं तो ढीगच पुढच्या कामकऱ्यांस ओढून घेतो. ढिगाचा खांब होतो, जवळच्या दोन खांबांचीं डोकीं एकमेकांकडे झुकतात आणि कमान जुळते. झालेलें कामच पुढच्या कामाची सूचना देतें. ग्रीक भाषेंतील 'खूण' आणि 'काम' या अर्थाच्या दोन शब्दांवरून ग्रासेनें यास 'स्टिग्मर्जी' असें नांव दिलें. ती सूचना मातींतील वासानें मिळते, ओलाव्यानें मिळते, कीं कडेच्या वळणानें मिळते, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि खल चालू आहे. परंतु मुकादम नाहीं, यावर मात्र फारसा वाद उरलेला नाहीं. राणी अंडीं घालते; हुकूम ती देत नाहीं. शिपाई डोकें आपटतो तें धोक्याची वर्दी देण्यासाठीं. कण कोठें ठेवावा, हें कामकऱ्यास भगदाडच सांगतें.

हें वाचून आम्हांस आमचें माजघर आठवलें. आमच्या घरास मुकादम थोडे नव्हते. तिघे हक्कदार, एक किल्लीदार, कागदपत्र, वांटे, वडीलधाकुटेपणा, सर्व यथास्थित होतें. आणि नेमकें त्यामुळेंच भिंतीकडे पाहणारा कोणी उरला नव्हता. ज्याच्यापाशीं हक्क होता तो दूर होता. जो जवळ होता त्यास हक्क नव्हता. आणि प्रत्येकापाशीं दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास एकेक सबळ कारण होतें. कोणतेंहि कारण खोटें नव्हतें, हें विशेष. घरें काय, संस्था काय, गांवचे पाणवठे काय, बहुतेक अशाच खऱ्या कारणांनीं पडतात. कर्तव्य कोणाचें, या वादाचा निकाल लागेपर्यंत तुळई थांबत नाहीं. वारुळांत हा वाद उपस्थितच होत नाहीं. तेथें कर्तव्य माणसास चिकटलेलें नसून फुटलेल्या जागेस चिकटलेलें असतें. जो त्या जागेशीं येईल, त्याचें तें.

येथें चतुर वाचक आम्हांस अडवील आणि म्हणेल, "मग वाळवीस गुरु करूं या, असें का तुमचें म्हणणें?" तसें आमचें म्हणणें नाहीं. वाळवीच्या या वागणुकीस कर्तव्य म्हणणें, हा एक भाषेचा अलंकार आहे. भगदाड पाहून पाठ फिरविणें तिला साधणारेंच नव्हे; आणि जेथें पाठ फिरवितां येत नाहीं, तेथें पाठ न फिरविण्यांत पुण्य कसलें? दगड खालीं पडतो म्हणून त्यास नम्र म्हणत नाहींत. माणूस मात्र अण्णांचें पत्र वाचून तें घडी घालून ठेवूं शकतो. ही त्याची मोकळीकच त्यास वाळवीहून खालीं नेते, आणि तीच त्यास वरहि नेते. ज्यास टळतां येत होतें तो टळला नाहीं, येथूनच नीतीच्या गोष्टी सुरू होतात. तेव्हां वाळवीची स्तुति करण्याचें कारण नाहीं. आपणांस लाज वाटण्याचें कारण मात्र पुरेपूर आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो आम्हीं स्वतःच स्वतःस घेतला. ही नळी इतक्या निष्ठेनें सांभाळली जात होती, ती कोठें जात होती? आमच्या आजीच्या ओव्यांकडे. त्या जीवांस ओवी ठाऊक नाहीं, वही ठाऊक नाहीं. फणसाची फळी संपून कागद केव्हां लागला, हेंहि ठाऊक नाहीं. रानांत हीच वाळवी पडलेलें लांकूड व वाळका पालापाचोळा खाऊन त्याची माती करिते आणि नव्या झाडांस जागा मोकळी करून देते. आपल्याकडील वारुळें बांधणाऱ्या कित्येक जाती पोटांतून आणलेल्या काष्ठावर जमिनींत बुरशीची शेती करितात, आणि पावसाळ्यांत वारुळावर उगवणारीं अळंबीं, गोमंतकांत ज्यांस ओळमीं म्हणतात, तीं याच शेतीचीं. ती मेहनत आणि ही मेहनत एकच. रानांत ती उपकार ठरली आणि आमच्या माजघरांत नाश ठरली. फरक कामांत नव्हता. काम कोठें जाऊन पोंचतें, यांत होता. आणि तें पाहण्यास लागणारे डोळेच कामकऱ्यास नाहींत.

म्हणून उद्योग हा स्वतःच्या बळावर सद्गुण होय, असें म्हणण्यास आमचें मन आतां धजत नाहीं. आपला कण चोख बसविणारीं, वेळेवर येणारीं, वरिष्ठांस न दुखविणारीं, अशीं माणसें प्रत्येक कचेरींत आणि प्रत्येक पेढींत असतात, आणि त्यांच्याच बळावर जग चालतें. परंतु एखाद्या गरिबाचें शेत खोट्या दस्तानें सावकाराच्या घशांत जातें, तेव्हांहि कोणी तरी तो दस्त सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असतो, कोणी तरी त्यावर नीट शिक्का उठविलेला असतो, कोणी तरी तो क्रमवार दप्तरांत लाविलेला असतो. यांतील प्रत्येकजण शपथेवर म्हणेल कीं, मीं माझें काम केलें. तें खरेंहि असतें. वाळवीसहि हीच शपथ घेतां आली असती. फुटलेली जागा दिसतांच तेथें आपला कण ठेवणें, हा माणसाच्या कर्तव्याचा अर्धा भाग झाला. आपण बुजवीत आहों ती नळी कोणाच्या तुळईकडे जाते, हें एकदां वर मान करून पाहणें, हा दुसरा अर्धा. आळशी माणूस पहिल्या भागांत चुकतो आणि उद्योगी माणूस दुसऱ्यांत. आम्ही भाऊ आपापल्या चाकरींत अत्यंत उद्योगी म्हणून नांवाजलेले आहों, हेंहि येथें सांगून टाकणें बरें.

पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. चौथ्या दिवशीं आम्हीं माणसें आणवून माजघराच्या कडेनें जमिनींत औषध सोडविलें, नळी समूळ खरवडून काढिली आणि कपाटाच्या फळ्या अंगणांत नेऊन जाळल्या. तसें करितांना वाळवीबद्दल मनांत द्वेष राहिला नव्हता. तिचा अपराध नव्हता आणि आमचें घर वांचविणें आम्हांस भाग होतें, एवढेंच. मग तिघा भावांनीं मिळून एक चिठ्ठी लिहिली व ती अण्णांच्या स्वाधीन केली. घरांत कांहींहि मोडलें-फुटलें दिसलें तर जो प्रथम पाहील त्यानें, मग तो घरचा असो वा शेजारचा, कोणास न विचारतां तें दुरुस्त करावें. खर्च तिघांनीं सारखा वांटून घ्यावा. दुरुस्ती चुकली तरी कोणी शब्द लावूं नये, असें तींत लिहिलें आहे. अण्णांनीं ती वाचली, घडी करून कोनाड्यांत ठेविली आणि म्हणाले, "हें तीन वर्षांपूर्वीं लिहितां आलें असतें." आम्ही होय म्हणालों.

परत येतांना आम्ही चिपळुणास आत्याबाईंकडे उतरलों. त्यांचें वय आतां नव्वदीस आलें आहे. आजीच्या ओव्या त्यांस सरळ विचारल्या तर आठवत नाहींत. परंतु पुढ्यांत सूप देऊन धान्य निवडावयास बसविलें म्हणजे हाताबरोबर ओठ हालूं लागतात. दोन दिवसांत एकवीस ओव्या मिळाल्या. वडिलांच्या वहींत त्या दोनशेंच्या वर होत्या. राहिलेल्या गेल्या त्या गेल्या. त्यांच्याबद्दल कोणतेंहि तत्त्वज्ञान आमचें समाधान करूं शकत नाहीं, आणि तसें समाधान व्हावें अशी आमची इच्छाहि नाहीं.

औषध सोडलें त्या दिवशीं कारागिरांनीं परीक्षेसाठीं पडवीकडील नळीचा एक तुकडा फोडून बाकीची तशीच ठेविली होती. परवां अण्णांनीं कळविलें कीं, ती जागा महिना झाला तरी उघडीच आहे. माती वाळून गळूं लागली आहे. याचा अर्थ वाळवी तेथून गेली. निरोप ऐकून आम्हांस आनंद झाला, आणि लगेच मनांत आलें कीं, घरांचीहि परीक्षा ह्याहून निराळी नाहीं. भिंत फुटली म्हणजे घर ओस पडलें असें होत नाहीं. नांदत्या घराच्या भिंतीहि फुटतात. फुटलेली जागा दिवसेंदिवस तशीच राहिली, म्हणजे समजावें कीं आंत कोणी उरलेलें नाहीं.